आपल्या कामाविषयी इंग्रजीत नेमके कसे सांगावे?

प्रश्न : केळीपट्टा, रावेर

मी एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये सहा वर्षांपासून देखरेखीचे काम करतो. माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून घरी आम्ही अहिराणीच बोलतो. आखाती देशांत माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांची माणसे आमच्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न करतात, ‘व्हॉट डू यू डू हिअर?’ गेल्या महिन्यात मी ‘आय ॲम डूइंग सुपरवायझर जॉब सिन्स सिक्स इयर्स’ असे उत्तर दिले. पुढे घडापासून फण्या कशा वेगळ्या करतात हे सांगताना मी फणीला ‘कोम्ब’ म्हणालो, तेव्हा पाहुणे माझ्याकडे नुसते पाहत राहिले. काम मला हातचा मळ असावा तसे येते, पण ते सांगता येत नाही, याचे फार वाईट वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : धुळ्याची शिक्षिका

दादा, आपली चूक मराठीच्या वळणातून आलेली आहे. ‘सहा वर्षांपासून काम करतो’ असे म्हणताना मराठीत साध्या वर्तमानकाळाने भागते. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामासाठी ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स’ अशी रचना लागते. किती काळ ते सांगायचे असेल तर ‘फॉर’, आणि केव्हापासून ते सांगायचे असेल तर ‘सिन्स’, म्हणजे ‘सिन्स 2019’. आपल्याकडे ‘पासून’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालत असल्यामुळे माझ्या वर्गातली चांगली मुलेसुद्धा इथेच अडखळतात.

‘व्हॉट डू यू डू’ या प्रश्नात या क्षणी काय चालले आहे हे विचारलेले नसते, नेहमीचा व्यवसाय विचारलेला असतो. म्हणून ‘आय वर्क ॲज अ सुपरवायझर’ असे सांगावे. त्यातला ‘अ’ गाळू नये. इलेक्ट्रिशियनसारख्या स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापूर्वी त्याचा ‘ॲन’ होतो. काम या अर्थी ‘वर्क’चे अनेकवचन करू नये. खूप काम असेल तर ‘मेनी वर्क्स’ नव्हे, ‘अ लॉट ऑफ वर्क’.

उत्तर : भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

ताईंनी सांगितलेले व्याकरण योग्यच आहे, परंतु माझ्या मते पदाच्या नावापेक्षा क्रियापद अधिक उपयोगी पडते. मी पॉइंट्समन होतो. भुसावळ जंक्शनवर हा शब्द लहान पोरालाही कळतो, पण बाहेरच्या प्रवाशाला तो सांगितला की पुढे काही बोलणेच होत नसे. मग मी ‘आय सेट द ट्रॅक सो द ट्रेन गोज द राइट वे’ असे सांगू लागलो आणि लोक आपणहून पुढचे प्रश्न विचारू लागले. आपणही ‘सुपरवायझर’वर न थांबता रोज काय तपासता, काय मोजता, कोणाला काय सांगता, ते सांगावे.

उत्तर : यावलचा केळी उत्पादक

भाऊ, फणीला इंग्रजीत ‘हँड’ म्हणतात आणि त्यातल्या एकेका केळाला ‘फिंगर’. घड म्हणजे ‘बंच’ आणि चीक म्हणजे ‘लेटेक्स’. डोके विंचरायची फणी तेवढी ‘कोम्ब’. एवढे चार शब्द पक्के केले तर ‘वी कट द बंच इंटू हँड्स, वॉश ऑफ द लेटेक्स अँड पॅक देम इन बॉक्सेस’ या एका वाक्यात आपल्या शेडमधले जवळजवळ सगळे काम येते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री वहीत असे लिहिले आहे : ‘आय वर्क ॲज अ सुपरवायझर इन अ बनाना पॅकहाऊस. आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स. आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर चेक द वेट ऑफ एव्हरी बॉक्स.’ यात काही चुकले असल्यास सांगावे.

धुळ्याची शिक्षिका

पहिली दोन वाक्ये निर्दोष आहेत. तिसऱ्यात ‘फॉर’नंतर ‘चेक’ऐवजी ‘चेकिंग’ करावे, आणि पाहुणे येण्यापूर्वी तिन्ही वाक्ये वही मिटून चार वेळा मोठ्याने म्हणावीत.