ऊसतोड मजुरांच्या खोपीतली वंचितता निर्देशांकात दिसते का?

प्रश्न (शिरोळ, जि. कोल्हापूर): दर हंगामात बीडकडून येणारी ऊसतोड कुटुंबे आमच्या शेताकडेला खोपी घालून राहतात, त्यांना मजुरी मिळते, पण पक्के घर, शौचालय, नळाचे पाणी, वीज, गॅस यांपैकी काहीही नसते. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक अशा कुटुंबाला गरीब मानतो का?

प्रतिसाद १: केवळ या पाच अभावांवर मानत नाही. निर्देशांकात 12 निकष असून आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी एक-तृतीयांश भार आहे. राहणीमानाचे सात निकष असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला 1/21 येतो. पाच अभावांची बेरीज 5/21, म्हणजे सुमारे 24 टक्के होते, तर गरीब ठरण्यासाठी किमान 33.33 टक्के लागतात. मात्र शाळेच्या वयाचे एखादे मूल शाळेबाहेर असेल तर 1/6 मिळून बेरीज 40 टक्क्यांवर जाते. बैलगाडीसोबत फडावर आलेल्या मुलांची शाळा सुटते, हे लक्षात घेतले की आकड्यामागचे कुटुंब दिसू लागते.

प्रतिसाद २: गणित पटले, तरी कुटुंबागणिक केलेली बेरीज जातसमूहांमधली दरी झाकते असे मला वाटते. शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखल्या, तेव्हा त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत कोणत्या जातीचे किती लोक आहेत हेच पाहिले होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्या शिवारातल्या खोपींमधली शाळाबाह्य मुले आधी मोजतो.