मदत हवी आहे: आकाशनिरीक्षणाच्या मासिक पत्रकात रात्रीची तारीख कशी छापायची?

मंडळी, सांगलीकडच्या आमच्या छोट्या हौशी आकाशनिरीक्षण गटाचं महिन्याचं पत्रक दिवाळीपासून माझ्या गळ्यात पडलंय. चार पानं, साठेक झेरॉक्स, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ. आधीचे काका हे एकहाती करायचे. पेनड्राइव्ह हातात ठेवून "सोपं आहे रे" म्हणाले. नाहीये.

डिसेंबरच्या अंकात मी छापलं, "१४ डिसेंबर, रात्री २ : मिथुन उल्कावर्षाव, पुनर्वसूची जोडी जवळजवळ डोक्यावर." माझ्या मनात १३ ची रात्र उलटून गेल्यावरचे दोन. आम्ही पाचजण १३ ला माळावर चटया टाकून पडलो, बाकी कुणीच येईना. म्हटलं, थंडीला भ्यायले. दुसऱ्या रात्री दीडला फोन. "आम्ही अकराजण वर आलोय, पोरांना कानटोप्या घालून आणलंय, थर्मासभर चहा आहे, तुम्ही कुठं?" मी गोधडीत.

त्यांना काय बोलणार? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. १४ ची रात्र म्हणजे १४ चा दिवस मावळल्यावरची, हेच आपल्या बोलण्यात आहे. जानेवारीत "३/४ च्या रात्री" छापलं, तर "दोन्ही दिवस यायचं का?" असे सहा मेसेज.

तुमच्याकडे काय छापता? शिवाय परदेशी तक्त्यांतल्या वेळा यूटीमध्ये (म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेत) असतात, तिथंही माझी एकदा तारीख चुकलीय. आणि नकाशा! दर महिन्याला एक निवृत्त सर फोन करतात, "संपादक, पूर्व-पश्चिम उलटी छापलीय." जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
तारखेच्या आधी वार टाका. "शनिवारी रात्री जेवून निघायचं, उत्तररात्री २ ला (रविवार उजाडायच्या आत)." २ ला पहाट म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून उत्तररात्र. शब्द जुना आहे, पण एकाही माणसाचा गोंधळ होत नाही. आणि जमायची वेळ नेहमी बाराच्या आतली द्या. लोक तीच वाचतात.

प्रतिसाद २
हा घोळ खगोलशास्त्रज्ञांनाही नको होता. ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) यूटीच्या दुपारी १२ ला बदलतो, त्यामुळे युरोपातली अख्खी रात्र एकाच दिनांकात बसायची. १९२५ च्या आधी त्यांच्या पंचांगांतला दिवसही दुपारीच सुरू व्हायचा. आपल्याकडे ज्युलियन दिनांक संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणजे आपलीही रात्र सलगच राहते.
यूटीचं सोपं आहे. साडेपाच तास मिळवा. १८:३० किंवा त्यापुढचं काही दिसलं की आपली तारीख एकानं पुढे. मात्र तक्त्यात "स्थानिक वेळ" असेल तर साडेपाच मिळवू नका. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, सांगली ७४.६ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर सुमारे अर्धा तास. तक्ता नऊचा असेल तर तुमच्याकडे आकाश तसं साडेनऊला दिसेल.

प्रतिसाद ३
सरांना म्हणावं, नकाशा टेबलावर ठेवून बघू नका. उताणं झोपा, कागद डोक्यावर धरा, उत्तरेची कड उत्तरेला करा. पूर्व आपोआप पूर्वेला येते. जमिनीच्या नकाशाकडे आपण वरून बघतो, आकाशाकडे खालून, एवढंच. नकाशाखाली "डोक्यावर धरून पाहा" अशी ओळ ठळक टाका. आणि काळी पार्श्वभूमी असेल तर ती काढा. झेरॉक्सवाला शिव्या देतो आणि लाल टॉर्चच्या उजेडात अक्षर दिसत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद! उत्तररात्र घेतला. मार्चच्या अंकात मेसिए मॅरेथॉन आहे, एका रात्रीत मेसिएच्या यादीतल्या (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका वगैरे) ११० पैकी सापडतील तेवढ्या वस्तू शोधायच्या. ओळ अशी केलीय: "शनिवारी संध्याकाळी ६ ला माळावर जमायचं, रविवारी उजाडल्यावर चहा पिऊन घरी." सरांना वाचून दाखवली. म्हणाले, "हे कळलं. नकाशा उद्या गच्चीवर झोपून बघतो."
आता एकच राहिलं: यादीतलं एम ७४ (एक अंधुक दीर्घिका) संधिप्रकाशात सापडायला महाकठीण. ते आधी शोधायचं की सोडून पुढं जायचं? कुणी केलंय का?