मोठ्या नदीला मिळणारा ओढा: मोजणी कुठून सुरू करावी?

पैलतीर
नमस्कार. एका मोठ्या नदीला मिळणाऱ्या १४ किलोमीटरच्या ओढ्यावर वर्षभर लक्ष ठेवायचं आमच्या गटाने ठरवलं आहे. वर टेकड्या आणि झाडी, मधल्या टप्प्यात शेती, खाली वस्ती आणि सांडपाण्याचा एक पाइप. निम्म्यांचं म्हणणं, काठावरचा कचरा उचलू आणि झाडं लावू. बाकीच्यांना आधी पाणी तपासायचं आहे. हाताशी पीएच आणि नायट्रेटच्या पट्ट्या, थर्मामीटर आणि मोजपट्टी एवढंच आहे. नायट्रेट कधी ५ दिसतं, कधी १०. यातून काही अर्थ निघतो का?

उगमाकडे
आधी नकाशा काढा, पट्ट्या नंतर. जिथे नमुना घेणार तो बिंदू पकडा आणि तिथवर कुठल्या जमिनीचं पाणी येतं ते ठरवा. समोच्च रेषांच्या नकाशावर ओढ्यापाशी रेषांना टोक येतं आणि ते उगमाकडे असतं; डोंगराच्या सोंडेवर हेच टोक उताराकडे असतं. पाणलोटाची सीमा माथ्यांवरून आणि सोंडांवरून जाते, समोच्च रेषांना काटकोनात छेदते आणि ओढा एकदाच ओलांडते, तुमच्या बिंदूपाशी. आणखी कुठे ओलांडली तर रेषा चुकली.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत करणार असाल तर क्रम असा: उंचीच्या ग्रिडमधले (चौकटी-चौकटींत मांडलेल्या जमिनीच्या उंचीतले) खोटे खड्डे भरणे, प्रवाहाची दिशा, प्रवाहसंचय (प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचं पाणी येतं), मग पाणलोट. बहुतेकांचं अडतं ते शेवटच्या पायरीवर. बिंदू ओढ्याच्या चौकटीऐवजी शेजारच्या चौकटीत पडतो आणि पाणलोट म्हणून चार-दोन चौकटींचा तुकडा हाती येतो. बिंदू जास्त संचय असलेल्या चौकटीवर सरकवा. वस्तीच्या आणि सपाट भागात मात्र संगणकावर विसंबू नका. रस्त्याखालची मोरी, गटार, कालवा ३० मीटरच्या ग्रिडला दिसत नाही. भर पावसात चालत जाऊन पाणी कुठे वळतं ते बघावं लागतं. बारीक ओहोळही नकाशावर घ्या, उन्हाळ्यात कोरडे पडणारेसुद्धा. ओढ्या-नाल्यांच्या जाळ्याची बहुतेक लांबी त्यांचीच असते आणि बुजवले जातात तेही सगळ्यांत आधी.

आता पट्ट्या. आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नायट्रोजनचा (म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा), ते डबीवर वाचा, दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. रंगांच्या पायऱ्याच ५, १०, २५ अशा असतील तर ५ की १० हे पाण्यापेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतं. एकाच माणसाने, सावलीत, घड्याळ लावून वाचा.

आणि प्रवाह मोजल्याशिवाय त्या आकड्याला फारशी किंमत नाही. १० मीटरचा सरळ टप्पा निवडा, पात्राची रुंदी मोजा, समान अंतरांवर खोली घ्या. अर्धवट बुडून तरंगणारं काहीतरी (संत्रं उत्तम) टप्प्याच्या थोडं वरून सोडा आणि वेळ घ्या, निदान ३ वेळा. समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर, वेळ २५ सेकंद. क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळ आणि काठ पाण्याला अडवतात, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणायचं. तळ खडकाळ असेल तर ०.८. प्रवाह आला सेकंदाला सुमारे ४०८ लिटर. लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर दिवसाला साधारण १७६ किलो नदीत जातं. पावसानंतर प्रवाह तिप्पट झाला आणि पट्टी ३ दाखवायला लागली, तरी हिशेब ३१७ किलोंवर जातो. पट्टीवर सुधारणा दिसते, नदीत मात्र जवळपास दुप्पट ओझं.

तळखडा
प्रवाहाचं पटलं, पण पैसे खर्च करायचेच तर पीएचऐवजी विरघळलेल्या ऑक्सिजनवर करा. लंडनची थेम्स नदी १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हटली गेली ती काठावरच्या कचऱ्यामुळे नव्हे. सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपला होता. सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारली तेव्हा मासे परतले.

वेळ महत्त्वाची. वनस्पती आणि शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात, म्हणून नीचांक पहाटे येतो. एक नमुना सूर्योदयाआधी, एक दुपारी. फक्त दुपारी मोजणाऱ्यांना ओढा कायम ठणठणीत दिसतो. संपृक्त पाण्यात, म्हणजे हवेतून जितका ऑक्सिजन मावतो तितका असलेल्या पाण्यात, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६, म्हणून तापमान लिहिलं नसेल तर नोंद निकामी. दुपारी २५ अंशांना १२ आला तर खूश होऊ नका. एवढी अतिसंपृक्तता म्हणजे शेवाळ माजलंय, आणि त्याच जागी पहाटे ३ सापडू शकतो.

महागडं मीटर नको असेल तर विंकलरची १८८८ ची पद्धत आजही चोख आहे. बाटली पाण्याखाली भरा, बुडबुडा राहू देऊ नका. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्यात बुडवून घाला, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळपास नाहीच. साका बसला की सल्फ्युरिक आम्ल. मग २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ते मोजून थेंबाथेंबाने घालणं. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत चालवा. थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागलं तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन. हातमोजे आणि चष्मा हवाच, उरलेली रसायनं ओढ्यात ओतायची नाहीत (हे सांगावं लागतं!).

पाइपच्या वर आणि खाली तळातले कीटकही बघा. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा ३ शेपट्या आणि पोटाच्या बाजूला कल्ले, स्टोनफ्लायला २ शेपट्या, कॅडिसफ्लायच्या बऱ्याच जाती वाळूचं किंवा काड्यांचं घर बांधतात. या तिन्हींना भरपूर ऑक्सिजन लागतो. वर हे तिन्ही आणि खाली नुसत्या कमी ऑक्सिजनमध्ये तगणाऱ्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे किडे, तर पाइपकडे बोट दाखवता येतं. मात्र दोन्ही जागा खळाळाच्याच हव्यात. एकीकडे खळाळ आणि दुसरीकडे डोह घेतलात तर फरक तळाचा आहे की पाइपचा, ते कळणार नाही. खालचा नमुना पाइपच्या तोंडाशी घेऊ नका. सांडपाणी पात्रभर मिसळल्यावर घ्या. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर परके जीव आणि रोग तुम्हीच पोचवाल.

पैलतीर
खूप मदत झाली. काठाचं विचारायचं राहिलं. एका वळणावर बाहेरचा काठ ढासळतो आहे, तिथे लवकर वाढणारी झाडं लावायचा बेत आहे.

काठवन
तिथे मोठी रोपं लावू नका. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठाचा पायथा पोखरतं. माथ्यावर झाड लावलं तर वजन वाढतं आणि झाडासकट दरड खाली येते. थोडं ढासळणं हा नदीचा स्वभावच आहे, त्यामुळे घर किंवा रस्ता धोक्यात नसेल तर जागा सोडणं हाच स्वस्त उपाय. झपाट्याने वाढत असेल तर कारण वर शोधा: नवी फरशी, छपरं, अरुंद मोरी, पायथ्याशी उतरणारी गुरं.

गुरांना कुंपण घाला आणि पाण्याची सोय काठापासून दूर करा. पुष्कळदा एवढ्यानेच गवत परत येतं. मग पायथ्याजवळ स्थानिक, फांदीपासून फुटणाऱ्या झाडांच्या कांड्या रोवा: ६० ते ९० सेंटिमीटर लांब, झाड सुप्तावस्थेत असताना कापलेल्या, डोळे वरच्या दिशेला, दोन तृतीयांशाहून जास्त भाग जमिनीत. खालचं टोक ओलीपर्यंत पोचलं नाही तर कांडी पानं फोडते आणि उन्हाळ्यात वाळते. उलटी रोवलेली तर हमखास जाते.

शेताकडेच्या गवताच्या पट्ट्यालाही मर्यादा आहे. पाणी पसरून आलं तर तो माती अडवतो. घळीतून आलं तर पाणी पट्ट्याला वळसा न घालता सरळ आरपार जातं. आधी घळ मोडा.

आणि पात्रातली पडलेली खोडं "साफ" करू नका. पूल किंवा मोरी तुंबत असेल तेवढंच काढा. प्लास्टिक जरूर उचला, पण खोडामागे डोह होतो, वाळू थांबते, मासे राहतात.

उगमाकडे
फॉस्फरसचं राहिलं, नायट्रेटसारखंच शेवाळ वाढवणारं खतातलं पोषकद्रव्य. नायट्रेट विरघळून भूजलातूनही येतं, म्हणून कोरड्या दिवसांतही सापडतं. फॉस्फरस बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून येतो, आणि वर्षभराच्या गाळातला मोठा वाटा मोजक्या पावसांत वाहून जातो. दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी नमुना घेणाऱ्यांच्या हातून तो निसटतोच. पाणी चढत असतानाचे २-३ नमुने घ्या, पुलावरून बादलीने. चढत्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही.

नकाशावर रसायनं, खतं, इंधन यांची गोदामंही टिपा. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली तेव्हा ती विझवायला वापरलेल्या पाण्यासोबत कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत उतरली आणि ईल मासे प्रचंड संख्येने मेले. प्रत्येक गोदामापुढे दोन रकाने ठेवा: आवारातलं गटार कुठे उघडतं, आणि आगीचं पाणी अडवायला टाकी किंवा बंद करता येणारी झडप आहे का.