चरा, ओरखडा, की नुसतं खरचटलं?

गेल्या आठवड्यात पणजीत, मळ्याच्या एका बोळात, समोरून टेम्पो आला म्हणून गाडी कडेला घेतली आणि डावं पुढचं चाक चिऱ्याच्या पायरीला घासलं. अलॉयची चंदेरी रिम, तिच्या कडेवर वीतभर जागा पांढरट, खरखरीत झाली. रंगवून घ्यायचा भाव ऐकल्यावर ठरवलं, घरीच करू. सामान आणायला गेलो, तर दुकानदार विचारतो, ‘कितें जालां?’ मी म्हटलं, ‘रिमला चरा पडलाय.’ त्याने काउंटरवर लांबीचा, म्हणजे खाचा बुजवायच्या लुकणाचा, डबा ठेवला. घरी बायको म्हणाली, ‘एवढ्याशा ओरखड्याला डबा कशाला?’ आईचं तिसरंच: ‘खरचटलंय नुसतं.’

तिघांपैकी बरोबर कोण? आणि चिऱ्याने पडला म्हणून त्याला चरा म्हणतात, असला विनोद कृपया कुणी करू नये. माझा करून झालाय.

फोंड्याहून:
ओरखड्याला रेघ लागते. मांजराचा, नखाचा, किल्लीचा ओरखडा. चराही रेघच, पण खोल. तव्यावर उलथन्याने पडतो तो. तुमच्या वर्णनात रेघ कुठेच नाही, जागा आहे. जागेचं काम खरचटण्याचं. गुडघा खरचटतो तेव्हा एक रेघ नसते, साल गेलेली असते. तुमच्या रिमचीही सालच गेलीय. आईंना माझं मत.

खरचटणे, खरडणे, खरवडणे, घोड्याचा खरारा, कोशातला खरकागद, सगळ्यांत तो ‘खर’ कानाला ऐकू येतो. (खरकागद बोलताना मात्र कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. सगळे पॉलिशपेपरच म्हणतात.)

डिचोलीहून:
‘घसटलं’ कसं कुणाला आठवलं नाही? गाडी भिंतीला घसटली. पण मग घसट शब्द माणसांतल्या सलगीसाठी राहत नाही, ही अडचण आहेच. बाब, तुमची आणि त्या पायरीची घसट जरा जास्तच झाली म्हणायची.

साखळीहून:
आमच्या घरात दोन पिढ्या रंगकाम. आमच्याकडे शब्द डोळ्याने ठरत नाही, नखाने ठरतो. नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा, पेपर मारून जातो. अडकलं तर चरा, लांबी भरावी लागते. रंगाची खपली उडून धातू दिसला तर टवका. धातूच आत दबला तर पोचा, भांड्याला येतो तसा. आणि तडा असेल तर हात लावू नका. तड्यावर लांबी भरून वरून रंग मारला की तो दिसायचा बंद होतो, जायचा बंद होत नाही. तसं चाक रस्त्यावर नेऊ नये. वाकलेल्या रिमचंही तेच.

आणखी एक. रिमच्या तोंडावर रेकॉर्डसारख्या बारीक गोल रेषा चमकत असतील तर ती डायमंड कट. तिला घरी पेपर लावला की त्या रेषा गेल्या, परत आणायला लेथच लागतो.

मूळ प्रश्नकर्ता:
नखाची कसोटी आवडली. पण लांबीवरून माझी जी फजिती झाली ती सांगतो. दुकानदार म्हणाला, ‘लांबी किती?’ मी हाताने वीत दाखवली. त्याला डबा किती ग्रॅमचा हवा ते विचारायचं होतं.

वास्कोहून:
तुमचा धातू उघडा पडलाय, तर त्याला पुढे काय होतं याचाही शब्द शोधा. लोखंड गंजतं, पितळ कळकतं, चांदी काळी पडते. ॲल्युमिनियमला काय होतं? तांबडा गंज तर येत नाही. समुद्राकाठी आमच्या रिमांवर क्लिअरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात. भिंतीला लागतो तो लोणा म्हणावा का? मूळ कारण तेच, मीठ आणि ओल. आमच्याकडे सरळ ‘खाऱ्या वाऱ्याने खाल्लंय’ म्हणतात.

पेडण्याहून:
रिमच्या कडेला नवा शब्द कशाला? बैलगाडीच्या चाकाला तुंबा होता, आरे होते, कडेला धाव होती. धाव घासली म्हणा, विषय मिटला.

मूळ प्रश्नकर्ता:
शब्द देखणा आहे, पण बसत नाही. धाव म्हणजे लाकडाच्या बाहेरून चढवलेली लोखंडी पट्टी. तापवून फुगवायची, चाकावर बसवायची, पाणी ओतलं की आवळते. जमिनीला टेकते ती धाव, म्हणजे आजचा टायर. माझी घासलीय ती त्याच्या आतली कड. कडच म्हणतो. लोणा मात्र घेतला.

काम झालं, म्हणून हेही लिहून ठेवतो. नख फिरवलं तर बहुतेक जागी अडकलं नाही, दोनच ठिकाणी अडकलं. म्हणजे नखाने बायको बरोबर, रेघ नाही म्हणून आई बरोबर, दोन बोटं जागेपुरता मीही बरोबर. चाक साबणाने धुऊन तेलकटपणा पुसला. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते खोचत गेलो, म्हणजे रंग रबरावर जात नाही. पाऊण कॅट लागला. आधी २४० नंबरचा पेपर, मग ४००, मग पाणी लावून ८००. दोन चऱ्यांत ॲल्युमिनियमची लांबी, वाळल्यावर पुन्हा पेपर. प्रायमर, चंदेरी रंग, क्लिअर, प्रत्येकाचे पातळ दोन-तीन हात, स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून. एकदाच जाड मारायला गेलो तिथे ओघळ आला. तो अजून आहे, चाक फिरताना दिसत नाही.

क्लिअरला मराठी शब्द काही सापडला नाही. वार्निश म्हणावं तर लाकूड डोळ्यापुढे येतं. आई त्याला ‘वरची साय’ म्हणते. मी हसलो होतो. पण भर पावसाच्या दिवशी, घाईत, शेवटचा हात मारला आणि दमट हवेने तो खरंच दुधाळ झाला. आता ऊन पडेल त्या दिवशी साय काढून पुन्हा धरायची आहे.