भटनागर पुरस्कार बंद झालाय का?

अर्धा_कप: पुतणी एमपीएससीची तयारी करतेय. तिच्या जुन्या गाईडमध्ये शास्त्रज्ञांना मिळणारा भटनागर पुरस्कार ५ लाखांचा लिहिलाय, क्लासच्या नोट्समध्ये रोख रक्कम शून्य. मला विचारत होती, मी आपला मान डोलावून सटकलो. नक्की काय आहे?

लॅबमधला_उंदीर: बंद नाही, नाव लांबलंय फक्त. आता 'विज्ञान युवा - शांतिस्वरूप भटनागर' म्हणतात, राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारातला एक भाग झालाय तो, बाकीचे विज्ञानरत्न, विज्ञानश्री आणि विज्ञान टीम. २०२४ पासून देतात. वय ४५ पर्यंतची अट तशीच ठेवलीय पण पैसे गेले, नुसतं सन्मानपत्र आणि पदक. आधी ५ लाख आणि वर पासष्टीपर्यंत महिना १५ हजार असायचे.

पूर्वी यादी २६ सप्टेंबरला यायची, सीएसआयआर म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या स्थापना दिनाला. आमच्या मजल्यावर एक सर होते, त्या दिवशी दार ओढून घेऊन साइट रिफ्रेश करत बसायचे, शिपाईमामा चहा बाहेरच स्टुलावर ठेवून जायचे. २०२२ ला तर यादी आलीच नाही, लटकत लटकत ११ सप्टेंबर २०२३ ला आली. सर तोवर ४५ च्या पुढे गेले होते, नंतर त्यांचं दार उघडंच असायचं.

नटबोल्ट: मला टीमवाला प्रकार सगळ्यात पटला. इंजिनिअरिंगचं काम कधी एकट्याचं असतं का हो? पहिल्या वर्षी चांद्रयान-३ च्या टीमला दिला, २०२५ ला अरोमा मिशनला, ते जम्मू-काश्मीरमध्ये शेतकऱ्यांकडून लॅव्हेंडर लावून घेतलं ना, तेच.

आकाशवेडी: आणि २०२५ चं विज्ञानरत्न जयंत नारळीकरांना, मरणोत्तर!! सर मे महिन्यात गेले आणि यादी ऑक्टोबरात. १९७८ सालचे भटनागरवाले ते, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केलेला माणूस, २०२४ लाच द्यायला काय हरकत होती?

लॅबमधला_उंदीर: त्या वर्षी जीवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांना दिला ना, तेही मोठेच. पण तुमचं बरोबर आहे, नियमात वर्षाला तीन रत्नं बसतात, दोन्ही वेळा एकेकच दिलं.

अर्धा_कप: बरं, मग रोख रक्कम शून्यच लिहायची ना?

आकाशवेडी: हो. आणि नारळीकरांच्या पुढे 'मरणोत्तर' लिहायला विसरू नको म्हणावं, तिथेच मार्क कापतील.