मदत हवी आहे: आठवणींच्या पुस्तकात मामांबद्दल खरं लिहिलंय, केस होईल का?

सायली_क: पुस्तक सोमवारी छपाईला जातंय आणि प्रकाशक आज हमीपत्र मागतायत: उद्या कुणी दावा केला तर सगळा खर्च माझा. एका प्रकरणात मामांनी आईला फसवून हक्कसोडपत्रावर सही घेतली ते आहे. मामेभावाचा फोन आला, कोर्टात खेचतो म्हणाला. एक अक्षर खोटं नाही. लवकर सांगा.

गावठाण: मामा हयात आहेत का? दस्त नोंदवलेला आहे का?

रानजाई: नाव बदला. मी सासरच्या सगळ्यांची बदलली, पाच वर्षांत कुणी ब्र काढला नाही.

कोर्टपायरी: 'आईचा भाऊ' म्हटल्यावर नाव बदलून काय उपयोग? गावाला कळलं की झालं. बदनामीचं कलम, भारतीय न्याय संहिता ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं.

रानजाई: म्हणजे बायकांनी गप्पच बसायचं? तिला घाबरवू नका.

कोर्टपायरी: घाबरवत नाही. मनेका गांधींनी १९९५ साली खुशवंत सिंगांच्या आत्मचरित्रावर छपाईआधीच मनाई मिळवली होती. ती उठायला २००१ उजाडलं.

बांधावरचा: ताई, पुस्तक राहू दे, आधी दस्त रद्द करायचा दावा लावा. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मुदत असते.

सायली_क: दावा नकोय! आई ७८ची आहे. मामा २०१९ला गेले. दस्त नोंदवलेला आहे.

गावठाण: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं ना!

कोर्टपायरी: मृत माणसाबद्दलही ३५६ लागू शकतं, घरच्यांना दुखावण्याचा हेतू दिसला तर. पण सुप्रीम कोर्टाच्या १९९४च्या राजगोपाल निकालाप्रमाणे सरकारी नोंदीतलं लिहिता येतं. इंडेक्स टूची, म्हणजे दस्त नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत काढून ठेवा. सही झाली हे कागद सांगतो. 'फसवून' हे तुमचं म्हणणं, ते सिद्ध कशाने करणार?

सायली_क: आईला नवी हिरवी साडी नेसवून निबंधकाकडे नेलं. 'सातबाऱ्यावर तुझं नाव चढवायचंय' म्हणाले. तिला वाचता येत नाही.

कोर्टपायरी: मग तेवढंच लिहा, आईच्या तोंडून. 'फसवून' काढा.

रानजाई: काढू नका! तोच तर शब्द आहे.

सायली_क: प्रकरण आज रात्री आईला वाचून दाखवते, तो शब्द तीच ठरवेल. पण हमीपत्राचं कुणी बोललंच नाही. सही करू का?