पाडव्याला दुपारपर्यंत ठाण्याच्या तलावपाळीवर: मजा की हौसेची शिक्षा?

तळ्याकाठची
यंदा गुढीपाडव्याला सकाळी साडेसहालाच घर सोडलं, कौपिनेश्वर मंदिराच्या दारात पालखी बघितली, मग नववर्षाच्या स्वागतयात्रेसोबत चालत चालत राम मारुती रोड आणि यात्रा संपली तरी घरी न जाता दुपारी दोनपर्यंत तलावपाळीवरच. लेझीम, बुलेटवर नऊवारीतल्या बायका, ढोलाचा तो छातीत बसणारा दणका. पियूष, मग पन्हं, मग उसाचा रस (हो, तिन्ही, पोटाचं विचारू नका). शाळेतली मैत्रीण बारा वर्षांनी गर्दीत समोर आली! मॉलच्या एसीत हे मिळतं का? उगाच नाकं मुरडतात लोक.

जन्मापासून नौपाडा
तुमची मजा आमच्या दारात होते. गल्लीच्या तोंडाला बांबू, रिक्षा आत येत नाही. आईचं डायलिसिस होतं त्या दिवशी, त्याचा वार ठरलेला असतो, सण बघून पुढे नाही ढकलता येत. तिला चालवत नेलं, वाटेत दोनदा दुकानाच्या पायरीवर बसवलं. मागे तुमचा तो छातीत बसणारा दणका.

तळ्याकाठची
वाचून वाईट वाटलं, खरंच. पण हा दोष बंदोबस्ताचा झाला ना, सणाचा कसा? सोसायटीने आधी पत्र द्यायचं.

जन्मापासून नौपाडा
तीन वर्षं देतोय.

घणसोलीकर
उन्हाचं कोणीच बोलत नाहीये. मोबाईलवर ३४ दिसतं आणि वाटतं ठीके, पण आपल्याकडची हवा दमट, घाम वाळतच नाही, आणि तो वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली, आम्ही नवी मुंबईवाले विसरलो नाहीये. आणि परंपरा म्हणाल तर ही स्वागतयात्रा डोंबिवलीत सुरू झाली १९९९ ला, माझी बहीण तिच्याहून मोठी आहे. मग वेळ, रस्ता बदलायला कसली अडचण?

कळव्याचा ताशा
एक मिनिट, मी पथकात वाजवतो. आमच्यात वाजवणारे आळीपाळीने बदलतात, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असतं, सकाळी पोटभर खाल्ल्याशिवाय कमरेला ताशा बांधू देत नाहीत. खारघरला लोक तासन्‌तास एका जागी उन्हात बसून होते, इथे नको वाटलं की माणूस सावलीत जातो नाहीतर घरी. चक्कर येते ती बघ्यांना, नुसत्या चहावर आलेल्या. आणि यात्रा सकाळीच असते हो, दुपारी दोनपर्यंत रेंगाळा असं कोणी सांगितलंय?

घणसोलीकर
तुमच्या पथकात असेल. सगळ्या पथकांची गॅरंटी घेता का?

कळव्याचा ताशा
नाही घेत. मागच्या वर्षी शेजारच्या पथकातली एक पोरगी बसलीच खाली, तिला आम्हीच पाणी दिलं. तरी बंद करा म्हणणार नाही.

तळ्याकाठची
दुपारचं मान्य. शेवटचा तास आम्ही गार पाण्याची बाटली शोधण्यातच घालवला आणि त्या गडबडीत मैत्रिणीचा नंबर घ्यायचा राहिला. तरी पुढच्या वर्षी जाणारच, फक्त अकराला घरी.

जन्मापासून नौपाडा
जा की. जाताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास थांबा, रिक्षा आली की बांबू उचलायला. एकट्याने उचलत नाही तो.